बेकायदा हुकूम

आजीच्या ओव्या मी दोन वर्षं मोबाईलवर टिपतोय. तिच्या आवाजात जात्याची घरघर अशी मिसळलीय की निम्मे शब्द कळत नाहीत. जातं थांबवून म्हण म्हटलं तर तिला ओवी येतच नाही. म्हणते, "हात फिरल्याबिगर तोंड उघडत न्हाई, लेका." वय ऐंशीच्या पुढं. सगळ्या ओव्या तिच्या तोंडात आहेत, कागदावर एक नाही. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रभर हिंडून लाखावर ओव्या जमवल्या, त्यात बाबासाहेबांवरच्या पुष्कळ आहेत. पण ते आमच्या वस्तीत आले नव्हते. आमच्या वस्तीत कोण येतं?

डीझर नावाच्या फ्रान्समधल्या कंपनीनं २०१९ साली स्प्लीटर हा प्रोग्राम फुकट सोडला. तो गाण्यातला गळा एकीकडं काढतो आणि बाकीचा आवाज एकीकडं. गळ्यावरचं जातं त्याला काढता येईल असं वाटलं. माझा लॅपटॉप २०११ च्या सुमाराचा, तिसऱ्या हाताचा. आत पेंटियम बी-९५० प्रोसेसर. विंडोज रांगत होतं म्हणून लिनक्स टाकलेलं. इंग्रजी वाचत, डिक्शनरी बघत, चार रात्री जागून प्रोग्राम बसवला. चालवला तर एकच ओळ आली आणि तो बंद पडला. इल्लीगल इन्स्ट्रक्शन.

बेकायदा हुकूम! आजीची ओवी ऐकायची, आणि बेकायदा?

मित्रांनो, याचा शोध घेतला तेव्हा जे कळलं ते सांगण्यासाठीच हे लिहितोय. प्रोसेसरला एव्हीएक्स नावाचे काही हुकूम येतात. आठ आकड्यांचं गणित एका फटक्यात करायचे हुकूम. स्प्लीटर ज्या टेन्सरफ्लोवर उभा आहे त्याची तयार बांधणी २०१८ पासून हे हुकूम येत नसतील तर चालतच नाही. इंटेलनं २०११ साली जी नवी घडण आणली तिच्यात एव्हीएक्स होतं. कोअर आय-५ ला दिलं. त्याच घडणीचा, त्याच सालचा पेंटियम, त्याचं मात्र बंद करून विकला. का, तर तो स्वस्तातला. त्याला येत नव्हतं असं नाही. येऊ द्यायचं नव्हतं. हे वाचून मी रात्री दोन वाजता एकटाच हसलो. हसलो म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे.

नगरच्या (२०२४ पासून कागदावर अहिल्यानगर) एका दुकानात लॅपटॉप घेऊन गेलो. दुकानदारानं झाकणसुद्धा उघडलं नाही. "टाकून दे, नवा घे." नवा कशातून घेऊ? मी हंगामी कामगार. पट्टा पडला की हंगाम संपेपर्यंत पगार, मग रिटेन्शनचे चार पैसे.

पण कारखान्यातच मी एक गोष्ट शिकलोय. हंगाम संपला की मिल उघडतात. साखळी-पुलीवर रोलर उचलतात, बेअरिंगची पितळं बघतात, झिजलेले दात भरतात. मी हेल्पर. धरायचं, पुसायचं, ग्रीस लावायचं. गेज हातात द्यायचं, स्वतः लावून बघायचं नाही. सहा वर्षं नुसतं बघून डोक्यात बसलंय. कारखान्याची गाळपक्षमता वाढवायची तर नुसते मोठे रोलर घालून भागत नाही, बॉयलरची वाफ पुरली पाहिजे. इथंही तेच. पेंटियम ३५ वॅटचा. कोअर आय-५ २५२० एम हाही ३५ वॅटचाच. म्हणजे तोच पंखा, तीच तांब्याची नळी पुरणार. सॉकेटही तेच. चुलतभावानं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून जुना आय-५ आणला, ९०० रुपयांना.

त्या काळच्या लॅपटॉपात प्रोसेसर सॉकेटात बसायचा. हल्लीच्या लॅपटॉपात तो बोर्डालाच झाळून टाकतात. जिथं बसवला तिथंच मरायचं. ३१ जानेवारी १९२० च्या पहिल्या 'मूकनायका'त बाबासाहेबांनी शिडी नसलेल्या मनोऱ्याचा दाखला दिला होता, तो मला बोर्डाकडं बघताना आठवला.

आजीच्या खाटेवर चादर अंथरली. बॅटरी काढली. स्क्रू काढून कागदावर मांडले, ज्याचं भोक जिथं तिथंच तो. पंख्यात बोटभर धूळ. नळी उचलली तर खालची पेस्ट वाळून खडू झालेली. सॉकेटाचा चपटा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, पेंटियम सुटला. आय-५ च्या पोटाला ९८८ पाय, केसासारखे. एक वाकला तर ९०० रुपये गेले. कोपऱ्यातली खूण जुळवून नुसता ठेवला, दाबला नाही. आपोआप बसला. डाळीएवढी नवी पेस्ट, वर नळी, स्क्रू आलटून-पालटून आवळले.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळा.

आजी म्हणाली, "बिघाडलंस व्हय?" मी बोललो नाही. घाम फुटला. पुन्हा सगळं उघडलं. सॉकेटाचा स्क्रू मी भीतीनं पुरा फिरवलाच नव्हता. पाव फेऱ्यावर थांबलो होतो. दुसऱ्यांदा पडदा उजळला. प्रोसेसरच्या गुणांच्या यादीत एव्हीएक्स हे नाव दिसलं, ते मी तीनदा वाचलं.

यंत्र काही वाघ झालं नाही. मेमरी कमी, म्हणून ओवीचे मिनिटा-मिनिटाचे तुकडे करावे लागतात. पण चालतं. पहिली ओवी सुटी झाली तेव्हा आजीच्या कानाला हेडफोन लावला. तिनं डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाली,

"आन् जातं कुठं गेलं?"

"काढलं, आजे. शब्द कळावं म्हनून."

"ही बाई रिकामी बसून गाती जनू," ती म्हणाली. "मी कधी रिकामी बसले व्हते रं?"

आता मी दोन फायली ठेवतो. सुटा गळा शब्द उतरवून घ्यायला, आणि जात्यासकटची आजीची. एकोणतीस ओव्या वहीत उतरल्यात. दिवाळीच्या आसपास पट्टा पडेल, मग पाळ्या सुरू होतील. त्याआधी जेवढ्या होतील तेवढ्या.