तारेचा विसावा

कोल्हापूर जिल्ह्यातील हातकणंगले तालुक्यात हुपरी हे गाव आहे. चांदीच्या दागिन्यांसाठी त्याची ख्याती दूरवर पसरली आहे. येथे कुणी चांदी आटवतो, कुणी तार ओढतो, कुणी कड्या जोडतो, तर कुणी घुंगरू लावतो. अनेक हातांचे कष्ट लागतात, तेव्हा कुठे एखादे पैंजण पायांत रुणझुणते.

अशाच एका कारागिराच्या घरातील मुलगा शिष्यवृत्ती परीक्षेची तयारी करीत होता. परीक्षा आठ दिवसांवर आली आणि त्याची झोप उडाली. गणिताचे पुस्तक उघडावे, तर भाषेची आठवण व्हावी. भाषेचे उघडावे, तर बुद्धिमत्तेच्या प्रश्नांनी भेडसावावे. मध्यरात्र उलटून गेली तरी त्याचा दिवा जळत असे. सकाळी मात्र वाचलेले काहीच आठवत नसे. पुढ्यातला घास गोड लागेना. धाकट्या बहिणीने हाक मारली, तरी तो तिच्यावर खेकसे.

एके दिवशी ओसरीवर आजोबा तार ओढीत बसले होते. त्यांच्यापुढे जंतर होते. जंतर म्हणजे क्रमाने लहान होत जाणाऱ्या छिद्रांची पोलादी पट्टी. नातवाचा उतरलेला चेहरा पाहून ते म्हणाले, "ये, जरा हात लाव."

मुलाने पकडीत तारेचे टोक धरले. पहिल्या छिद्रातून तार सहज आली. मग त्याला घाई झाली. मधली दोन छिद्रे सोडून त्याने तार एकदम बारीक छिद्रात घातली आणि सारे बळ एकवटून ओढली. तार ताडकन तुटली.

"आजोबा, चांदी हिणकस आहे काय?"

"चांदी चोख आहे, बाळ. ओढणाऱ्याची चूक झाली. एकेक छिद्र ओलांडायचे असते आणि मधूनमधून तिला विसावाही द्यायचा असतो."

आजोबांनी दुसरी तार शेगडीवर मंद लाल होईपर्यंत तापवली आणि निवू दिली. मघाची ताठर तार आता रेशमाच्या दोऱ्यासारखी वळू लागली. तार ओढताना धातूच्या आतील कणांची रचना विस्कटते आणि तो कठीण होतो. योग्य उष्णता मिळाली, की ती रचना पुन्हा जुळून येते. चांदी ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. म्हणून तेवढा ताप मात्र तारेला लागू द्यायचा नसतो.

मुलगा विचारात पडला. थोड्या वेळाने त्याने हळूच विचारले, "आणि एवढे करूनही शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर?"

आजोबांनी तुटलेले तुकडे उचलून मुशीत टाकले. "तुटली म्हणून चांदीचे मोल जाते काय? हिची पुन्हा तार होईल."

धोंडो केशव कर्वे शाळकरी वयात कोकणातील मुरूडहून सह्याद्री ओलांडून पायी साताऱ्यास परीक्षेला गेले होते. वय लहान दिसते, म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. एवढी पायपीट वाया गेली, तरी त्यांनी शिक्षण सोडले नाही. पुढे १९१६ साली त्यांनीच महिला विद्यापीठ स्थापन केले आणि १९५८ साली ते भारतरत्न झाले. एक परीक्षा हुकली, म्हणून आयुष्य हुकत नाही.

त्या संध्याकाळी मुलाने राहिलेल्या पाठांची यादी केली आणि ते सात दिवसांत वाटून घेतले. एका वेळी एकच पुस्तक उघडायचे, असे ठरवले. जे अडले, ते गुरुजींना विचारले. संध्याकाळी तो बहिणीसह अंबाबाईच्या देवळापर्यंत फिरून येऊ लागला. रात्री वेळेवर निजू लागला. दिवसा वाचलेले झोपेत मनात मुरते, हे त्याला सकाळी कळू लागले. भीती अगदी गेली नाही. पण ती आता त्याच्या मानगुटीवर बसत नव्हती.

परीक्षेच्या आदल्या रात्री त्याने दहाच्या आत पुस्तके मिटली. ओसरीवरची शेगडी विझत आली होती. उद्या ओढायची तार आजोबांनी कोनाड्यात निवत ठेवली होती. तिच्याकडे एकवार पाहून तो निजावयास गेला.