कॅट आणि खिसा

पैशांवर पत्ते खेळणाऱ्याला दोन विद्या लागतात, एक पानांची आणि दुसरी पैशांची. पहिली वऱ्हाडातल्या बहुतेक पोरांना दहाव्या-बाराव्या वर्षापर्यंत फुकटात मिळून जाते. दुसरी कोणी शिकवत नाही. पोकरच्या पुस्तकांत ही दोन्ही प्रकरणं पाठोपाठ छापलेली असतात, पण माणसाच्या आयुष्यात त्यांच्यात वीसेक वर्षांचं अंतर पडतं आणि नुकसान होतं ते याच अंतरात.

पानांची विद्या उन्हाळ्यात येते. मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, दुपारी घराबाहेर पाऊल टाकायची सोय नसते, आणि कूलरसमोर सतरंजी टाकून ताशपत्ते मांडले जातात. भिकार-सावकारात डोकं लागत नाही. पान उलटायचं आणि दैव पाहायचं. बदाम सातमध्ये पहिल्यांदा कळतं की हातातलं पान लावता येत असूनही अडवून धरण्यात फायदा असतो. मेंढीकोटात कोणत्या दहिल्या पडल्या, कोणत्या बाकी आहेत, हे लक्षात ठेवावं लागतं आणि समोरच्या भिडूने टाकलेल्या पानावरून त्याच्या हातात काय उरलं हे ताडावं लागतं. चॅलेंजमध्ये पालथी पानं टाकून ‘तीन राजे’ म्हणायचं असतं, मग हातात एकही राजा नसला तरी चालतो. आवाज न बदलता खोटं बोलणारं पोरगं कोण आणि कान लाल होणारं कोण, हे त्या घराला त्याच सुट्टीत समजतं. स्मरण, अंदाज, संयम आणि थाप एवढी पोकरची सगळी मुळाक्षरं यात येऊन जातात. पैसा तेवढा येत नाही.

कॉलेजच्या होस्टेलवर, आणि पुढे नोकरीला लागल्यावर रेल्वेच्या डब्यात, कॅट रमीकडे वळतो. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती असं रोज अपडाऊन करणाऱ्यांच्या डब्यात चौघांच्या गुडघ्यांवर एक बॅग आडवी पडली की डाव सुरू होतो. तेरा पानांच्या रमीत नवशिक्याने पहिल्यांदा शिकायचं ते डाव सोडणं. पॉइंटच्या खेळात पहिलीच चाल येण्याआधी डाव सोडला तर वीस गुण जातात, मध्ये सोडला तर चाळीस, आणि हट्टाने बसून हरला तर ऐंशीपर्यंत. वाईट हात चार वेळा सोडल्याचा खर्च तो एकदा शेवटपर्यंत खेळल्याइतका होतो. पोकरमध्ये हाच हिशोब दर हाताला करावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवलं. पडलेली पानं लक्षात ठेवावी लागतात, कोणतं ठेवायचं आणि कोणतं टाकायचं हे ठरवावं लागतं, असं त्याचं कारण होतं. त्याच निकालात तीन पानांच्या खेळाचा उल्लेख निव्वळ नशिबाचा खेळ म्हणून येतो. आणि वऱ्हाडात पैसा खऱ्या अर्थाने लागतो तो नेमका या तीन पानांवर.

तीनपत्तीशी गाठ पडते ती बहुधा लग्नाच्या जानवशात, नाहीतर पोळ्याला. बावन्न पानांतून तीन पानं २२,१०० प्रकारे येऊ शकतात. त्यांतल्या १६,४४० वेळा हातात काहीच नसतं, म्हणजे चारातले तीन हात सुट्या पानांचेच. जोडी ३,७४४ वेळा, कलर १,०९६, साधी सिक्वेन्स ७२०, एकाच रंगाची सिक्वेन्स ४८ आणि तीन सारखी पानं ५२ वेळा. शेवटचे दोन आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. तीन एक्के किंवा तीन राजे सगळ्यात वरचे मानले जातात, पण एका रंगाची सिक्वेन्स त्यांच्याहूनही दुर्मीळ आहे. इथे परंपरेने हिशोब चुकवला आहे आणि सतरंजीवर बसलेल्या कोणाचं त्यावाचून अडलेलं नाही. नवशिक्याला उपयोगाचा आकडा वेगळाच आहे. सहा जण बसले असतील तर उरलेल्या पाचांपैकी निदान एकाकडे जोडी किंवा तिच्याहून बरं काही असण्याची शक्यता पाऊणाच्या थोडी वर जाते. एक्का-राजा-नव्वा बघून छाती फुगवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेलं बरं.

न बघता, म्हणजे ब्लाइंड, खेळणाऱ्याला बघणाऱ्याच्या निम्मी चाल पडते. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या ब्लाइंड काढणं शहाणपणाचं असतं. मात्र पान उघडलं आणि हातात काही नसलं तर तिथेच पॅक व्हावं. चाल लावत राहण्याला वऱ्हाडात दिलदारी समजतात. ‘अबे, पॅक काय होतं, लाव ना,’ असं शेजारचा म्हणतो तेव्हा त्याच्या खिशातून काही जात नसतं.

पोकर इकडे उशिरा आला, आणि सतरंजीवरून न येता मोबाइलवरून आला. टेक्सास होल्डेम या त्याच्या सर्वाधिक चालणाऱ्या प्रकारात प्रत्येकाला दोन झाकली पानं मिळतात, मधे टप्प्याटप्प्याने पाच पानं उघडली जातात, आणि सातांतून सगळ्यात चांगली पाच निवडायची असतात. तीनपत्तीत मुरलेल्याला पहिला धक्का क्रमवारीचा बसतो. तीन पानांत सिक्वेन्स कलरपेक्षा वरची, पाच पानांत कलर सिक्वेन्सपेक्षा वरचा. कारण सरळ आहे: तीन पानांत सिक्वेन्स कमी वेळा येते, पाच पानांत कलर कमी वेळा येतो. पाच पानांचे २५,९८,९६० हात होतात. त्यांत साधी सिक्वेन्स १०,२०० वेळा आणि साधा कलर ५,१०८ वेळा.

सुरुवातीच्या दोन पानांचे १,३२६ प्रकार आहेत. दोन एक्के त्यांतल्या फक्त सहांत, म्हणजे २२१ हातांतून सरासरी एकदा. कोणतीही जोडी सतरांतून एकदा. यावरून नवशिक्याचा पहिला नियम निघतो: नऊ-दहा जणांच्या टेबलावर पाचातले चार हात सुरुवातीलाच टाकावेत. हे ऐकायला सोपं आणि पाळायला महाकठीण, कारण माणूस हात टाकायला टेबलावर बसलेला नसतो. दुसरा नियम बसण्याच्या जागेचा. जो शेवटी बोलतो त्याला बाकीच्यांचं बोलणं ऐकून ठरवता येतं. म्हणून जी पानं शेवटच्या जागेवरून खेळण्याजोगी असतात, तीच पहिल्या जागेवरून टाकण्याजोगी ठरू शकतात. मेंढीकोटात उतारी कोणाची आणि शेवटचं पान कोणाचं याला महत्त्व असतं, त्याच जातीचं हे आहे.

तिसरी गोष्ट भावाची, आणि कापसाच्या मुलखात ती लवकर समजावी. समजा, हातात दोन बदाम आहेत, मधल्या चार उघड्या पानांत आणखी दोन बदाम आहेत आणि एक पान यायचं आहे. न दिसलेल्या ४६ पानांत नऊ बदाम उरले. कलर होण्याची शक्यता साधारण पाचांत एक. समोरच्याने १०० लावल्यावर मधे ३०० जमा झाले आहेत. १०० टाकून ३०० मिळवायचे, तर चारांत एकदा जिंकणं भाग आहे. पाचांत एकदा जिंकून भागत नाही, म्हणून हात टाकावा. मधे ६०० असते तर सातांत एकदा जिंकूनही बरोबरी झाली असती, म्हणून पैसे लावावेत. पान तेच आणि शक्यताही तीच; बदलला तो फक्त भाव. बाजार समितीत कापसाची गाडी आज सोडायची की परत न्यायची, हे ठरवणारा कास्तकार याच रीतीने विचार करतो. पत्ते हातात आले की ही रीत घरी का राहते, हे कोडं आहे.

थापेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जो समोरचा प्रत्येक चाल बघायलाच बसला आहे त्याला थाप मारून उपयोग नसतो, आणि नवशिक्यांच्या टेबलावर बहुतेक जण तसेच असतात.

इथवर पानांची विद्या झाली. पैशांची विद्या खेळ सुरू होण्याआधी सुरू होते, आणि तिचा पहिला प्रश्न असतो: हा पैसा कोणाचा? वऱ्हाडात जुगाराचे दोन हंगाम आहेत, पोळा आणि दिवाळी, आणि या दृष्टीने त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिवाळीच्या सुमाराला सोयाबीन निघालेलं असतं, कापसाचा पहिला वेचा घरात आलेला असतो, चुकारे हातात पडत असतात. पोळा श्रावण अमावास्येला येतो. तेव्हा पीक उभं असतं, पेरणी आणि खतात सगळं गेलेलं असतं, आणि खिशात असते ती पीककर्जाची किंवा हातउसनी रक्कम. पोळ्याच्या आगेमागे विदर्भात ‘एक्का बादशाह’ आणि ‘हार-जीत’च्या अड्ड्यांवर धाडी पडल्याच्या बातम्या वर्षानुवर्षं येतात. त्या अड्ड्यांवर फिरणाऱ्या पैशाचा मोठा भाग खेळणाऱ्याचा नसतोच. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे गाडगेबाबा कर्ज काढून सण-लग्नं करू नका असं कीर्तनातून सांगत फिरले. पोकरच्या पुस्तकातलं पैशांचं पहिलं प्रकरण त्यापलीकडे जात नाही: खेळायचा पैसा वेगळा काढा आणि तो पूर्ण गेला तरी किराणा, फी आणि बियाणं हलता कामा नये.

किती वेगळा काढावा याचा ढोबळ दाखला आहे. पाच-दहा रुपयांच्या ब्लाइंडच्या, म्हणजे पोकरमध्ये पानं बघण्याआधी लावाव्या लागणाऱ्या सक्तीच्या पैशांच्या, टेबलावर बसताना साधारण हजार रुपये घेऊन बसतात. चांगल्या खेळाडूलाही लागोपाठ वाईट दिवस येतात, म्हणून अशा वीस ते तीस बैठकांचा पैसा, म्हणजे वीस-तीस हजार, गाठीशी असावा. तो निम्मा झाला की खालच्या टेबलावर उतरावं. गाठीशी दोनच हजार असतील तर हे टेबल आपलं नाही. थोरल्या खिशासमोर धाकटा खिसा बरोबरीच्या खेळातही टिकत नाही. एकाकडे हजार, दुसऱ्याकडे नऊ हजार, दर डावाला शंभर आणि दोघांची संधी अगदी सारखी असली, तरी कोणीतरी पूर्ण रिकामा होईपर्यंत खेळलं तर हजारवाला दहातून नऊ वेळा रिकामा होतो.

अड्ड्यावर यात नाल मिसळते. दर डावातून जागेचा मालक आपला वाटा काढतो, तीच ही नाल. समजा, सहा जण पाचशे-पाचशे घेऊन बसले, म्हणजे सतरंजीवर तीन हजार आले. डावाला दहा रुपये नाल आणि तासाला वीस डाव धरले तर पाच तासांत हजार रुपये मालकाकडे जातात. सहाही जण तोडीस तोड खेळले तरी तिसरा हिस्सा संपला. कोणी जिंकला असं वाटत असेल, तर तो इतरांच्या पैशांतून नाल भरून उरलेलं घेऊन उठला आहे.

हरल्यावर दुप्पट लावत जाण्याची युक्ती प्रत्येक गावात कोणीतरी नव्याने शोधतो. शंभर, दोनशे, चारशे करत सात वेळा हरलं की १२,७०० गेलेले असतात, आठव्यांदा १२,८०० लावावे लागतात, आणि जिंकलं तर हाती येतात शंभर. त्याहूनही वाईट म्हणजे कावलेल्या माणसाचं खेळणं. मोठा हात हरल्यावर पुढचे दहा हात तो पानांशी न खेळता त्या एका माणसाशी खेळतो. म्हणून किती हरल्यावर उठायचं ते बसण्याआधी ठरवतात. पानांना मागचं काही आठवत नसतं, त्यामुळे या मर्यादेने पुढच्या पानाची शक्यता बदलत नाही. ती खेळणाऱ्याच्या स्वभावासाठी असते. टेबलावर उधारी घेऊ नये आणि देऊही नये. प्रत्येक बैठकीचा जमाखर्च वहीत लिहावा, कारण जिंकलेली रात्र माणूस दहा वर्षं सांगतो आणि हरलेल्या रात्री आठवड्यात विसरतो.

मटका या सगळ्याच्या बाहेर आहे, आणि तरी वऱ्हाडाशी त्याचं जुनं नातं आहे. हा आकड्याचा जुगार जन्मला तो कापसातून: न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते-मिटते भाव मुंबईत येत आणि त्यांवर पैसे लागत. ते १९६१ मध्ये थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत आणि १९६४ मध्ये रतन खत्री यांनी आपापले आकडे काढायला सुरुवात केली; पुढे पत्त्यांच्या कॅटातून तीन पानं काढून त्यांच्या बेरजेचा शेवटचा आकडा धरू लागले. दहांतला एक आकडा लागतो आणि साधारण नऊपट मिळतात, म्हणजे रुपयामागे दहा पैसे दर वेळी गेलेच. इथे टाकायला हात नाही, बसायला जागा नाही, ओळखायला चेहरा नाही. मटक्यात कौशल्य शोधणाऱ्याला कोणतंही पुस्तक मदत करू शकत नाही.

मोबाइलवरच्या पोकरने आणि रमीने वेग वाढवला. सतरंजीवर तासाला वीस हात होत, मोबाइलवर त्याच्या कितीतरी पट होऊ लागले, आणि त्याच वेगाने चूकही महाग झाली. मुळात १८८७ च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, आणि त्याच आधारावर ही सगळी दुकानं चालत होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्याने पैशांवरचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत की नशिबाचे, सरसकट बंद केले. परवान्यानिशी समोरासमोर पोकर खेळायचा तर मराठी माणसाला गोव्यातल्या मांडवी नदीवरच्या कॅसिनो जहाजांवर जावं लागतं. पत्त्यांत जिंकलेल्या पैशावर तीस टक्के आयकर आणि वर उपकर लागतो, आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करता येत नाही. वर्षभरात एक लाख जिंकून एक लाख हरलेला खेळाडू खेळात बरोबरीत असतो. करखात्यापुरता तो लाखाचा धनी असतो.

निवृत्तीनंतर कॅट पुन्हा पैशांवाचून चालू लागतो. अमरावतीच्या बागांत संध्याकाळी बसणारे पेन्शनर रमी खेळतात, मेंढीकोट खेळतात, एखादं टोळकं ब्रिजही खेळतं. गुण जुन्या डायरीच्या मागच्या पानावर लिहिले जातात. पोकर त्यांच्यात दिसत नाही, आणि हे वयाचं किंवा नवेपणाचं कारण नाही. रमीत लावायचं पान असतं, मेंढीकोटात धरायची दहिली असते, ते खेळ गुणांवर पूर्ण होतात. पोकरमध्ये हात टाकण्याला किंमत आहे, कारण ठेवण्याला किंमत आहे. ती काढली की प्रत्येक जण प्रत्येक हात शेवटपर्यंत बघतो आणि थाप मारणाऱ्याचं काहीच जात नाही. काडेपेटीच्या काड्या लावून पाहिल्या तरी अर्ध्या तासात सगळे ‘लाव, लाव’ म्हणत सगळ्या काड्या मधे ढकलतात, आणि मग कोणीतरी तोच कॅट पिसून तेरा-तेरा पानं वाटायला घेतो.