चष्मा उतरल्यानंतर

आमच्या घरात दागिने फारसे नव्हते, चष्मे मात्र पाच होते. अब्बांचा, अम्मीचा आणि आम्हां तिघी बहिणींचा. अम्मीचा नंबर उणे तीन, आपाचा उणे सात. मधलीला उणे साडेपाच आणि वर सिलिंडर. धाकटीचा सिलिंडर तर दर वर्षी वाढत होता. सिलिंडर म्हणजे बुबुळावरची पारदर्शक काच, जिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, ती सगळीकडून सारखी गोल नसते. एका दिशेने जास्त वळलेली, दुसऱ्या दिशेने कमी. त्यामुळे लांबचे अक्षर नुसते धूसर होत नाही, त्याला सावलीही पडते.

मुलाला चष्मा असला की तो शिकलेला वाटतो. मुलीला असला की रिश्ता घेऊन आलेल्या बायका चहा पिता पिता विचारतात, "नंबर किती?" मधलीसाठी दोन घरांतून याच कारणाने नकार आला. 2004 साली, चोविसाव्या वर्षी, तिने लेसर करून घ्यायचे ठरवले. आम्हां तिघींपैकी कोणालाही हे कारण पटलेले नव्हते, पण चष्म्याविना जगायची तिची हौस खरी होती.

या लेसरची जन्मकथा गमतीची आहे. मद्रासमध्ये जन्मलेले रंगास्वामी श्रीनिवासन अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत. 1981 च्या नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या जेवणातून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा त्यांनी प्रयोगशाळेत नेला आणि त्यावर एक्सायमर लेसर सोडला. आजूबाजूचे मांस न जळता अगदी नेमकी चीर पडली. 1983 पर्यंत डोळ्यांचे डॉक्टर स्टीफन ट्रोकेल यांच्यासोबत हाच लेसर प्राण्यांच्या कॉर्नियावर वापरून झाला. आज लाखो लोकांचे चष्मे उतरले ते त्या उरलेल्या जेवणामुळे.

कॉर्निया जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. लॅसिकमध्ये तिची वरची पातळ चकती उचलतात, खालचा थर लेसरने घासतात आणि चकती परत बसवतात. एका नंबरामागे साधारण 12 ते 15 मायक्रॉन जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. सिलिंडरसाठी ही घासणी ठरावीक दिशेनेच करावी लागते. माणूस आडवा झाला की डोळा थोडा फिरतो, म्हणून मधलीला बसवूनच डोळ्यावर शाईची खूण केली होती. दिशा 15 अंशांनी चुकली तर निम्मा फायदा जातो, 30 अंशांनी चुकली तर सगळाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने समोरून जाणाऱ्या एसटीची पाटी वाचली आणि अम्मीला रडू आले. तिचा अर्धा सिलिंडर उरला, पण त्याला चष्मा लागला नाही. डोळ्यात आठवडाभर पाणी जाऊ द्यायचे नव्हते, म्हणून वुजूचा प्रश्न आला. आमच्या मौलवी साहेबांनी सांगितले, जिथे पाण्याने इजा होते तिथे ओल्या हाताचा मसाह पुरे. हाजी चाचांनी आणलेला सुरमा मात्र डॉक्टरांनी साफ बंद केला. डोळे चोळायचे नाहीत, हे तर दहा वेळा बजावले.

पण तिला आजही रात्री ट्रकच्या दिव्यांभोवती कडी दिसतात. अंधारात बाहुली मोठी होते आणि लेसर केलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो. डोळे कोरडे पडतात, कारण चकती कापताना कॉर्नियाच्या नसाही कापल्या जातात आणि अश्रूंना बोलावणारा निरोप मंदावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णांनाच विचारून केलेला अभ्यास 2017 साली छापून आला. त्यात 95 टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर खूश होते. त्याच अभ्यासात, आधी कसलाही त्रास नसलेल्यांपैकी 46 टक्क्यांपर्यंत लोकांना तीन महिन्यांनी कडी, चकाकी असे काहीतरी नवे दिसत होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मधलीला विचारा, ती पुन्हा हेच करीन म्हणते आणि रात्री स्कूटी नवऱ्याला चालवायला देते.

धाकटीला 2009 साली डॉक्टरांनी नकार दिला. कॉर्नियाच्या नकाशात खालच्या बाजूला फुगवटा दिसला. केराटोकोनस, म्हणजे काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येण्याचा आजार. तिला ॲलर्जी, डोळे चोळायची सवय. अशा डोळ्यावर लेसर केला तर उरलेली काचही ढासळते. मग रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरण देऊन कॉर्निया घट्ट केली, ज्याला आपल्याकडे सीथ्रीआर म्हणतात. नंबर गेला नाही, वाढायचा मात्र थांबला. ती त्या दिवशी खूप रडली होती. आमच्या मते तिघींत सर्वांत मोठा फायदा तिचाच झाला.

आपाने त्याच वर्षी, सदतिसाव्या वर्षी, लेसर करून घेतला. सहा वर्षे मजेत गेली. मग सुईत दोरा जाईना. चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होते, त्यावर या लेसरचा काही उपाय नाही. अम्मी सत्तरीतही चष्मा काढून बारीक अक्षरांची कुरआनाची प्रत वाचायची, तो तिच्या उणे तीनचा नफा होता. आपाने आपला उणे नंबर देऊन टाकला, त्यासोबत हा नफाही गेला. तिला हे आधी सांगितले होते. पण सदतिसाव्या वर्षी चाळिशी ही शेजारणीची गोष्ट वाटते.

आता तपासण्या चालूच आहेत. लेसरने पुढची काच बदलली, मागचा लांबट डोळा तसाच राहिला, म्हणून त्याच्या पडद्याला धोकाही तोच. अचानक काळे ठिपके किंवा चमकारे दिसले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. घासलेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाब खऱ्याहून कमी भरतो, तेव्हा काचबिंदू तपासणाऱ्याला लेसरचे सांगावे लागते. पुढे मोतीबिंदू काढताना भिंगाचा नंबर ठरवायला जुने आकडे उपयोगी पडतात. ते सगळे कागद आपाने एका पिशवीत घालून कपाटात ठेवले आहेत. पिशवीवर मार्करने 'डोळे' लिहिले आहे, अक्षर एवढे मोठे की चाळिशी न लावताही वाचता यावे.