धावणाऱ्याचा घसारा

अमेरिकन फुटबॉलमध्ये 'रनिंग बॅक' नावाचा गडी असतो. चेंडू छातीशी धरून समोरच्या धिप्पाड माणसांच्या भिंतीत घुसायचे, हे त्याचे काम. तिथले शौकीन त्यावर 'फँटसी फुटबॉल' नावाचा हिशेबी खेळ खेळतात. खऱ्या खेळाडूंचा आपापला काल्पनिक संघ करायचा आणि त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीचे गुण आपण घ्यायचे. साधारणपणे दहा यार्डांना एक, टचडाऊनला सहा. (यार्ड म्हणजे आपल्या कापड दुकानातला वार.) यातल्या 'डायनॅस्टी' प्रकारात तेच खेळाडू वर्षानुवर्षे आपल्याकडे राहतात. त्यामुळे गड्याची किंमत करताना कामगिरीबरोबर वयही बघावे लागते. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ हा खेळ खेळतो, आणि मी वाणिज्य शाखेचा म्हणून सल्ला मला विचारतो!

अठ्ठावीस उलटली की रनिंग बॅक उतरला, असा तिथला समज. तो अगदीच खोटा नाही. शॉन अलेक्झांडरने २००५ साली, अठ्ठावीस वर्षांचा असताना, १,८८० यार्ड काढले; पुढच्या हंगामात ८९६. परंतु डेरिक हेन्रीने तिशी गाठल्यावर २०२४ च्या हंगामात १,९२१ यार्ड काढले. उलट टॉड गर्ली २०१७ चा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू. त्याच्या गुडघ्याने दगा दिला आणि २०२० नंतर तो मैदानात दिसलाच नाही. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता.

यंत्राचा घसारा वर्षांवर काढता येतो, तसा ते किती चालले यावरही काढता येतो, असे आम्हांला शिकवतात. इथे ही दुसरी पद्धत बरी वाटते. लॅरी जॉन्सनच्या हाती २००६ साली ४१६ वेळा चेंडू दिला, हा विक्रमच. पुढच्या वर्षी तो आठच सामने खेळू शकला. पण हेन्रीने २०२० साली ३७८ वेळा चेंडू नेला होता, त्याचे काय? शेवटी मी मावसभावाला कळवले: दादा, यंदाच जिंकायचे असेल तर तिशीतला घे, तो स्वस्त मिळतो, संघ नव्याने बांधायचा असेल तर एक वर्ष आधीच विकून टाक.

खऱ्या गड्याला मात्र असा सल्ला देता येत नाही. त्याचा पहिला करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीत निवडलेल्याला संघ पाचवे वर्षही अडकवू शकतो. वर 'फ्रँचाइज टॅग' लावून आणखी एक. बाविसाव्या वर्षी आलेला पोरगा मोकळा होईपर्यंत सव्वीस-अठ्ठावीसचा होतो, आणि नेमके तेव्हाच संघवाले त्याचे वय मोजू लागतात. याच टॅगवरून लेव्हिऑन बेल २०१८ चा सबंध हंगाम खेळला नाही. जॉश जेकब्सने २०२२ मध्ये सगळ्यांत जास्त, १,६५३ यार्ड काढले. वय चोवीस. तरी पुढच्या वर्षी त्याला लांब मुदतीचा करार मिळाला नाही, टॅगच मिळाला. वय कोवळे, कामगिरी पहिल्या क्रमांकाची. मग तराजूत घालायचे राहिले काय?

हेही सगळे मी कळवले. उत्तर आले, "ते राहू दे रे. जेकब्स घेऊ का, तेवढं सांग."