सोवळ्यातला पास्ता

‘पास्ता’ हा शब्द आमच्या सासूबाईंच्या कानांवर प्रथम पडला तेव्हा त्यांना वाटले, नात पिस्ता मागते आहे. त्यांनी डब्यातून मूठभर काढून दिलाही. नातीने तो खाल्ला आणि तासाभराने भ्रमणध्वनीवरून बाहेरचे जेवण मागवले. आजीने स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. आमच्या घरातल्या एका मोठ्या पेचप्रसंगाची सुरुवात ही अशी झाली.

आम्ही बेने इस्राएल. कोकणातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. पण घाटावरच्या वाचकांसाठी सांगते. आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटक्या गलबतातून आले, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी आमच्यातली परंपरा आहे. पुढे ते कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगावी पांगले, घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. पेणचे ते पेणकर झाले, रोह्याचे रोहेकर. भाषा मराठी, साडी नऊवारी, कालवण नारळाचे. पोथ्या गेल्या, लिपी विसरली. पण सुंता, शनिवार, ‘शेमा’ ही प्रार्थना आणि खाण्यापिण्याचे नियम एवढे राहिले. दावीद रहाबी नावाचा कोणी जाणता यहुदी फिरत फिरत कोकणात आला, तेव्हा त्याने आमच्या बायकांपुढे निरनिराळे मासे टाकले म्हणतात. बायकांनी खवले आणि पर असलेले मासे तेवढे निवडले, बाकीचे बाजूला सारले. तेवढ्यावरून त्याने ओळखले, ही आपलीच माणसे. कथा खरी किती, हे इतिहासकारांनी ठरवावे. मला तिच्यातले एवढेच आवडते की आमची परीक्षा देवळात झाली नाही, स्वयंपाकघरात झाली.

या नियमांना ‘कोशेर’ म्हणतात. ढोबळ मानाने सांगायचे तर जनावर खूर दुभंगलेले आणि रवंथ करणारे हवे, ते विधीने कापलेले हवे, रक्त पोटात जाता कामा नये आणि मांस व दूध एका जेवणात एकत्र येता कामा नये. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नको, असे शास्त्रात तीनदा सांगितले आहे. त्या एका वाक्यातून भांड्यांचे दोन संच, दोन फडकी आणि सुनांची दुप्पट धुणीभांडी निघाली. शेजारच्या काकू, ज्या माळकरी आहेत, त्यांना मी हे समजावून सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हंजे सोवळंच की गं तुमचं!” सोवळे अंगावरच्या वस्त्राचे आणि स्पर्शाचे असते, आमचे पदार्थाचे आणि त्याच्या संगतीचे, असा भेद मी काढून पाहिला. काकूंनी तो मनावर घेतला नाही. त्यांच्या दृष्टीने ज्या घरात म्हातारी बाई भांडी वेगळी ठेवते, ते सोवळ्याचे घर. मलाही आता तोच शब्द बरा वाटतो.

सासूबाईंचे सारे आयुष्य पुण्यात रास्ता पेठेत गेले. तिथे आमची मशीद (हो, आमच्यातले जुने लोक प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतात) हाकेच्या अंतरावर. कॅम्पातले 1867 साली बांधून झालेले लाल देऊळही फार दूर नाही. आमचे चांदे गाव म्हणजे मुळशी तालुक्यातले. नांदे-चांदे असा जोडीनेच उच्चार करायचा, एकट्या चांद्याचे नाव घेतले तर ऐकणारा वाट पाहत राहतो. मुलाची कचेरी हिंजवडीला, म्हणून आम्ही इकडे घर घेतले. भोवताली अजून भातखाचरे आहेत, पावसात इंद्रायणीचा वास येतो, डोंगर दिसतात. पण विधीने कापलेले मांस आणायचे तर पुण्यापर्यंत खेप. त्यामुळे रविवार ते गुरुवार आमचे घर आपोआप शाकाहारी झाले. शुक्रवारच्या संध्याकाळचे तेवढे निराळे.

शाकाहाराला सासूबाईंची हरकत नव्हती. हरकत होती ती मुलांची. सात वाजता आजी वरण, भात आणि मुगाची उसळ घेऊन एकट्या जेवायला बसायच्या. नऊ वाजता नात आणि नातू खोक्यांतून आलेले जेवण खोलीत नेऊन खायचे. बाहेरचे अन्न आजींना चालत नाही आणि आजींचे मुलांना रुचत नाही. माझे यजमान कोणाच्या पंगतीला बसावे या विचारात दोन्हीकडे थोडे थोडे जेवायचे आणि त्यांचे वजन तेवढे वाढायचे. एका घरात दोन चुली भावाभावांत मांडल्या गेलेल्या मी पाहिल्या होत्या. आजी-नातवंडांत मांडल्या जाताना पाहवेना. सासरे गेल्यापासून त्यांचे जेवण आधीच अर्ध्यावर आले होते. समोर कोणी नसले की म्हातारे माणूस दोन घासांत उठते. त्यातच मुलीने पुढच्या वर्षी आत्याकडे, अश्दोदला जायचे जाहीर केले. म्हणजे एकत्र जेवायचे दिवस मोजकेच उरले होते.

तोड त्या आत्याबाईंनीच, म्हणजे माझ्या नणंदेने, सांगितली. तिकडे इस्राएलमध्ये रात्रीचे जेवण पुष्कळदा दुधातुपाचे आणि हलके असते. भाज्या, पनीर, शेवया असे जे घरात असेल ते एका तबकात रचून भट्टीत घालायचे. त्याला तिकडे ‘पश्तिदा’ म्हणतात. “वहिनी, हे कर. आईला दुधाचं सगळं चालतं आणि पोरांना दिसायला पास्ता दिसतो,” इति वन्सं.

आता पास्त्याकडे वळू. त्याचे नाव परके, पण रक्त ओळखीचे आहे. चांगला पास्ता ज्या कठीण गव्हाच्या रव्याचा करतात, त्याच जातकुळीचा आपला बन्सी गहू. आपल्या आज्या शेवयांसाठी तोच निवडत. या गव्हाचा दाणा टणक असतो, म्हणून शिजल्यावर त्याचा गिचका होत नाही. मी सासूबाईंना सांगितले, “आई, ही बन्सीची शेवईच आहे, फक्त जाड आणि पोकळ.” त्यांनी पाकिटाचा मजकूर मला मोठ्याने वाचायला लावला. रवा आणि पाणी, तिसरे काही नाही. पहिला अडथळा ओलांडला. अंडे असते तर ते आधी वाटीत फोडून रक्ताचा ठिपका पाहावा लागला असता. (वल्हांडणाच्या आठ दिवसांत मात्र हा पास्ता घरात ठेवायचासुद्धा नाही, तेव्हाची गोष्ट वेगळी.)

दुसरा अडथळा चीजचा. कडक चीज करताना दूध विरजायला रेनेट लागते आणि ते मुळात वासराच्या पोटातून काढीत. म्हणजे ज्या मांसाला आणि दुधाला आम्ही जन्मभर दूर ठेवतो, ती दोघे एकाच वडीत नांदणार! आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचे चीज प्राणिज रेनेटशिवाय केलेले असते, पण कर्मठ मताप्रमाणे तेवढ्याने भागत नाही. चीज करण्यावर यहुद्याची देखरेख हवी. सासूबाईंनी निकाल दिला, “पनीर घरी कर. लिंबानं नासवलेल्या दुधात वासराचं काय काम?”

आणि दूध? त्याचाही एक जुना नियम आहे. धार काढताना आपल्यापैकी कोणी पाहत असावे, म्हणजे भलत्या जनावराचे दूध त्यात मिसळले नाही याची खात्री. रास्ता पेठेत पिशवीच्या दुधावर हा नियम कोण पाळणार? पण चांद्यात काकूंच्या गोठ्यात दोन म्हशी आहेत. म्हैस रवंथ करते, तिचा खूर दुभंगलेला, सारे शास्त्रोक्त. सासूबाई संध्याकाळी खुर्ची टाकून गोठ्याच्या दाराशी बसू लागल्या. काकू धार काढतात, या पाहतात, आणि दोघींच्या गुडघ्यांचा इतिहास सांगून होतो. शहरात ऐंशी वर्षे काढून जे जमले नाही, ते खेड्यात येऊन जमले.

आता कृती. चार माणसांना पाव किलो पास्ता पुरतो. सकाळीच एक लिटर म्हशीचे दूध उकळून त्यात एका लिंबाचा रस घालावा आणि फडक्यात बांधून ठेवावे. सुमारे दोनशे ग्रॅम पनीर मिळते. संध्याकाळी दोन कांदे, आठदहा लसूण पाकळ्या आणि अर्धा किलो टोमॅटो तेलावर परतून दाट रस करावा. तिखट आपल्या जिभेप्रमाणे. त्यात भाज्या. इथे मी दुधी, लाल भोपळा, ढोबळी मिरची आणि मटार यांच्यापलीकडे सहसा जात नाही. फुलकोबी आणि पालक यांत कीड लपते, कीड कोशेर नाही, आणि पानन्‌पान उजेडात धरून पाहायला आठवड्यातल्या संध्याकाळी वेळ कोणाला आहे? ते शुक्रवारी.

पास्ता भरपूर खारट पाण्यात, पाकिटावर लिहिल्यापेक्षा दोनतीन मिनिटे कमी उकळावा, कारण उरलेले तो भट्टीत रस पिऊन शिजतो. दुसरीकडे दोन चमचे लोण्यात दोन चमचे कणीक खमंग भाजावी आणि दोन पेले दूध थोडे थोडे घालीत, गुठळी न होऊ देता, पळीवाढे शिजवावे. टोमॅटो आणि दूध थेट एकत्र केले तर दूध फाटायची भीती असते. म्हणून थर द्यावे: खाली टोमॅटोचा रस, मग पास्ता, मग कणकेचे दूध, वर कुस्करलेले पनीर. रस थोडा पातळच असावा. जो बाई पाहून ‘बरोबर दाट’ म्हणेल, तिचा पास्ता कोरडा होणार.

सगळ्यात वर पावाचा चुरा घालतात. पण पावात बेकरीवाल्याने काय घातले हे कोण पाहायला गेले आहे? माझ्यापुढे मलिद्याचे जाडे पोहे होते. आमच्यात एलियाहू नबीच्या नावाने मलिदा करतात: पोहे, खोबरे, साखर, वर फळे. तेच पोहे मी लोण्यावर कुरकुरीत भाजले, हाताने चुरले आणि वर पसरले. पावापेक्षा सरस लागले. हे मी अभिमानाने सांगते.

भट्टी दोनशे अंशांवर तापलेली हवी. पंचवीस मिनिटे पुरतात. आमची छोटी विजेची भट्टी दुधाच्या संचात सामील केली आहे, मांस तिच्या वाऱ्यालाही जात नाही. पण पावसाळ्यात चांद्याची वीज आणि आमचा पास्ता यांची वेळ हटकून जुळते. अशा वेळी जाड बुडाची कढई घ्यावी, तळाला बोटभर मीठ पसरावे, त्यावर तिवई, तिवईवर भांडे आणि वर घट्ट झाकण. दहा मिनिटे आधी तापवून मग मध्यम आचेवर पस्तीस मिनिटे. वरचा भाग असा तांबूस होत नाही, पण पोहे आधीच भाजलेले असल्याने अडत नाही. भट्टी कुठे होती पूर्वी? दिवाळीत नानकटाईची तबके डोक्यावर घेऊन बेकरीपुढे रांग लावलेली आमच्या पिढीने पाहिली आहे. 1874 साली पुण्यात छापलेल्या आमच्या मराठी-हिब्रू हगादाच्या पोथीत साड्या नेसलेल्या बायका वल्हांडणाच्या बेखमीर भाकरी करताना काढल्या आहेत. भाजण्याचे काम आम्हांला नवे नाही, तबक तेवढे नवे.

घरात मांस शिजले असेल त्या दिवशी हा पदार्थ नाही. फारच हट्ट झाला तर लोण्याऐवजी तेल, दुधाऐवजी नारळाचे दूध आणि पनीरला रजा. कोकणातल्या आमच्या बायकांनी मटणाला दह्यादुधाशिवाय जी चव आणली ती नारळाच्याच जोरावर.

पहिल्या दिवशी सासूबाई साडेसातपर्यंत थांबल्या. नात आजीच्या ताटाशी ताट लावून बसली. आजींनी एक नळी काट्याने न टोचता बोटांनी उचलली, आरपार पाहिली आणि खाल्ली. मग म्हणाल्या, “लसूण बेताचा घाल.” आमच्या घरात याहून मोठी पावती कोणाला मिळालेली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा घेतले. आणि जेवताना त्या बोलल्या. आमचे किती लोक 1948 नंतर तिकडे गेले, 1962 च्या सुमारास तिथल्या काही धर्मगुरूंनी लग्नाच्या वेळी आमचे कूळ तपासायला कसे सुरू केले, लोक रस्त्यावर कसे बसले आणि 1964 साली तिथल्या लोकसभेने हे पूर्ण यहुदी आहेत असे कसे ठरवून दिले. नातीला यातले काही ठाऊक नव्हते. “मग त्यांना कसं पटलं, आजी?” तिने विचारले. आजी म्हणाल्या, “त्यांना काय पटायचं? आमचे मासे आम्हीच निवडत होतो ना!”

आता आठवड्यातून दोनदा हा पास्ता होतो. काकूंनीही तो नेला. कांदालसूण वगळून केला आणि वर शेंगदाण्याचे कूट घातले, तेही वाईट लागत नाही. वन्संना मी पोह्यांची युक्ती कळवली तेव्हा त्यांनी उलट निरोप धाडला, मलिद्याला लागणारे इथल्यासारखे जाडे पोहे पाठव. तिकिटावर मुलीला तेवीस किलो सामान नेता येते. त्यात कपडे किती आणि पोहे किती, यावरून सध्या आजी-नातीचे रोज जेवताना भांडण चालू आहे. काल रात्री पोहे चार किलोंवर आले होते.