आमच्या इतिहासात बेथेल बसेना

मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवात, २०२३ साली, आमच्या परभणी जिल्ह्यात शाळांच्या इतिहासाची एक स्मरणिका निघाली. तिच्यात माझा दीड पानाचा मजकूर जायचा होता. अंक हातात आला तेव्हा त्या जागी बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात होती. जाहिरातींशिवाय स्मरणिका निघत नाही, हे जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म गेलेल्या माणसाला सांगायला नको. पण माझा मजकूर जागेअभावी गळला नव्हता. तो स्मरणिकेच्या बैठकीत, माझ्यासमोर, ठरवून काढला होता. ते अजून माझ्या घशाखाली उतरत नाही.

निजामाचं राज्य, उर्दूतून शिक्षण, १९१८ चं उस्मानिया विद्यापीठ, मराठीसाठी सेलूत, परभणीत, अंबाजोगाईत लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या शाळा आणि त्या शाळांतून लढ्यात उतरलेली पोरं, हे सगळ्यांना पाठ आहे. स्मरणिकेत ते भरपूर होतं आणि असायलाच हवं. मी लिहिलं होतं त्याच्या आधीचं.

जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव आहे. नारायण शेषाद्री या मराठी माणसानं ते वसवलं. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत स्कॉटिश मिशनच्या रॉबर्ट नेस्बिटांकडे बाप्तिस्मा घेतलेला. पुढे जालन्याला येऊन त्यांनी काम सुरू केलं आणि सालारजंग हैदराबादचे दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर गाव उभं केलं. विहिरी, घरं, चर्च आणि शाळा. शाळेत मांगामहारांची पोरं बसत. ज्या काळात आमच्या पोराला पंतोजीच्या ओसरीची पायरीही चढता येत नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. शेषाद्री १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेपर्यंत जाऊन आले आणि १८९१ मध्ये वारले.

बैठकीत पहिला आक्षेप आला, "गुरुजी, बेथेल जालन्यात. आपला काय संबंध?" मी सांगितलं, आज जालना जिल्ह्यात असलेलं परतूर १९८१ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होतं. जालन्याची कुंडलिका दुधनेला मिळते आणि ती दुधना आपल्या सेलूवरून वाहते. माणसंही त्याच काठानं जात-येत होती, रेल्वे फार नंतर आली. आमच्या घरात सांगतात की मोलमजुरीला जालन्याकडे गेलेल्या कुटुंबातला माझा पंजोबा काही काळ बेथेलच्या शाळेत बसला होता. आम्ही मांग. घरात अक्षर आलं ते तिथून.

दुसरा आक्षेप मला अपेक्षित होता. "त्या शाळा बाटवायला काढल्या होत्या." मी म्हणालो, धर्म वाढवायलाच काढल्या होत्या, त्यांनी ते लपवलं कधी? मीही लपवलं नव्हतं. उलट श्रीपतची हकिगत मी मुद्दाम लिहिली होती, आणि तोच परिच्छेद वाचून दाखवून माझा मजकूर काढण्यात आला.

श्रीपत म्हणजे नारायण शेषाद्रींचा धाकटा भाऊ, बारा वर्षांच्या आसपासचा. थोरल्यानं धर्म बदलला तेव्हा हाही नेस्बिटांच्या घरी राहत होता. बाप कोर्टात गेला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टानं मूल बापाच्या हवाली केलं. गोष्ट इथं संपायला हवी होती, पण खरा छळ इथूनच सुरू झाला. ख्रिस्त्याच्या घरी राहिलेला, जेवलेला मुलगा जातीत घ्यायचा कसा? मुंबईचे कर्मठ म्हणाले, घ्यायचाच नाही. 'दर्पण'वाले बाळशास्त्री जांभेकर पुढे आले, प्रायश्चित्त देऊन मुलाला परत घ्या म्हणाले, तर बहिष्काराचं शस्त्र त्यांच्यावरही उगारलं गेलं. ज्या बापानं कोर्टात लढून लेकरू परत आणलं, त्याच्या घरात त्या लेकराला पंक्तीत बसवायचं की नाही, हे गल्लीतले शास्त्री ठरवणार! त्या पोराचा काय अपराध होता? भाऊ जिथं गेला तिथं गेला, एवढाच. बैठकीत वाचताना "बघा, मिशनरी मुलं कशी पळवत" इथपर्यंतच वाचलं गेलं. पुढची ओळ, स्वतःच्या माणसांनी दार लावल्याची, कुणी वाचलीच नाही. मी म्हणालो, पुढचं वाचा. तोवर चहा आला होता.

मी तिथं भांडलो तो बेथेलच्या बाजूनं. घरी आल्यावर मात्र रात्रभर श्रीपतचा बापच डोळ्यांसमोर राहिला. कारण पंजोबाचंही अर्धं तसंच झालं होतं. तो पोरगा आता येशूचा होणार अशी कुणकुण लागली आणि त्याची आई चालत जालन्याला गेली नि हाताला धरून त्याला घेऊन आली. इकडे आल्यावर कुठल्याच शाळेनं त्याला घेतलं नाही. उरलेलं आयुष्य दोर वळण्यात गेलं. माझी आजी म्हणायची, मायनं बरं केलं, लेकरू आपल्यात राहिलं. आजोबा उसळायचे, "बरं काय केलं? वाटोळं केलं माझ्या बापाचं!" म्हातारपणापर्यंत दोघांचं हे भांडण चाललं होतं. लहानपणी मी आजोबांच्या बाजूचा होतो. लेकीला शिकायला दूर पाठवलं, तेव्हापासून आजीचं बोलणंही मला खोटं वाटत नाही. पाटीसाठी देव सोडावा लागणं हा सौदाच वाईट. पण ज्यांनी पाटीच दिली नाही, त्यांनी त्या सौद्याला नावं ठेवावीत, हे मला सहन होत नाही.

१८५५ साली जोतिरावांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं मांगामहारांच्या दुःखावर निबंध लिहिला, तो छापला 'ज्ञानोदया'नं. तेही मिशनचंच पत्र. आज मुक्ताची जयंती आमच्या वस्तीत होते, पण भाषणात 'ज्ञानोदया'चं नाव कुणी घेत नाही. शाळांचे इतिहास लिहिणाऱ्या तरुण शिक्षकांना माझं सांगणं आहे: दाखल-खारीज रजिस्टरं उघडा, पण ज्यांची नावं कुठल्याच रजिस्टरात चढली नाहीत त्यांच्या घरीही जाऊन बसा. म्हातारी माणसं आहेत तोवर जा.

स्मरणिकेची दुसरी आवृत्ती काढायचं घाटतंय. मी तोच मजकूर पुन्हा पाठवला आहे. कमी काही केलं नाही. श्रीपतचा परिच्छेद वाढवला आहे, पंजोबाच्या आईचं त्यात घातलं आहे, आणि वर चिठ्ठी जोडली आहे की छापायचं तर सगळं छापा, अर्धं छापणार असाल तर माझं नाव काढा.