डबीवरची व्यंजना

गेल्या दिवाळीत सदाशिव पेठेत आत्याकडे गेलो असता, रक्तदाबाची गोळी आपण दोन महिन्यांपूर्वीच बंद केल्याचे तिने सहज सांगितले. गोळीची जागा पूरक आहाराच्या एका डबीने घेतली होती. डबीवर हिरवे पान आणि पानाच्या कुशीत तांबडे हृदय. "निसर्गाचंच आहे, काळजासाठी आहे. मग ती रसायनं कशाला गिळू?" असा तिचा बिनतोड सवाल.

आम्ही डबी फिरवून पाहिली. मागे, बारीक इंग्रजी अक्षरांत, वैद्यकीय उपयोगासाठी नाही, असे छापलेले होते. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी ही सूचना पूरक आहाराच्या लेबलावर सक्तीची केली. हा पदार्थ चौरस आहाराला पर्याय नव्हे, हेही सांगावे लागते. मात्र लेबल इंग्रजीत किंवा हिंदीत असले की कायद्याचे समाधान होते, मराठी ऐच्छिक. रोग बरा करण्याचा दावा डबीवर कोठेही नव्हता. म्हणजे डबी एक शब्दही खोटे बोलत नव्हती.

आम्ही वर्षानुवर्षे वर्गात 'ध्वन्यालोक' शिकवतो. आनंदवर्धनाने नवव्या शतकात दाखवून दिले, की वाच्यार्थ निषेधाचा असूनही व्यंग्यार्थ विधीचा असू शकतो. रात्री अंथरुणावर येऊन पडू नकोस, असे पांथस्थाला बजावणारी त्याच्या उदाहरणातली स्त्री वस्तुतः त्याला बोलावीतच असते. या उदाहरणावर विद्यार्थी दरवर्षी हसतात, आम्हीही हसतो. आत्याच्या डबीचे बोलणे त्याच जातीचे होते. कायदा अभिधेवर नजर ठेवतो. पान आणि हृदय मिळून जे सुचवतात, ते गिऱ्हाईक विकत घेते. फरक इतकाच, की काव्यातला पांथस्थ रसिक असतो आणि येथे वाचणारीचा रक्तदाब वाढलेला असतो.

दुसऱ्या दिवशी आत्याला डॉक्टरांकडे नेले. गोळी पुन्हा सुरू झाली. परतल्यावर आम्ही डबीवरचा सगळा मजकूर तिला मराठीत वाचून दाखवला. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, "औषध नाही म्हणतात, तर मग काळीज कशाला काढलंय?"

आमच्या वर्गात इतका नेमका प्रश्न अद्याप कोणी विचारलेला नाही.